पांढरी सीतेची वेणी मुलुंड येथे मिळून आल्याबाबत

जबाब
दिनांक २६/०५/२०२४, दिंडोशी, सकाळी ११.२० वाजता

नाव : श्रीमती सुलक्षणा चंद्रप्रकाश पालव
वय : ६१ वर्षे
धंदा : निवृत्त (पूर्वी मरोळ औद्योगिक वसाहतीतील औषध कारखान्यात कुपी तपासनीस)
राहणार : खोली क्र. ३०४, ए विंग, सागरतीर्थ सहकारी गृहनिर्माण संस्था, दिंडोशी, गोरेगाव (पूर्व), मुंबई
मूळ गाव : तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग

मी वरील ठिकाणी राहणारी बाई, पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर माझी मुलगी श्रुतिका, वय २९, हिच्यासह राहते. ती अंधेरी येथे एका कार्यालयात नोकरीस आहे. माझे पती चंद्रप्रकाश हे २०२१ साली वारले. मी मरोळच्या कारखान्यात सव्वीस वर्षे कुप्या तपासण्याचे काम केले. इंजेक्शनची भरलेली कुपी दिव्यासमोर धरायची, उलटी करायची आणि आत केस, कण किंवा काचेला तडा दिसतो का ते पाहायचे, असे कामाचे स्वरूप होते. माझ्या हातून गेलेली कुपी कधी परत आली नाही.

मला घरात झाडे लावण्याची आवड आहे. माझ्या घराला बाल्कनी नाही. हॉलची व स्वयंपाकघराची अशा दोन खिडक्यांच्या ग्रीलमध्ये मिळून एकोणीस झाडे आहेत. त्यात हरणाच्या शिंगासारखी पाने येणारे नेचे आहे, माशा खाणारी घटपर्णी आहे आणि बाकी बहुतेक आमर आहेत. आमर म्हणजे ज्याला लोक ऑर्किड म्हणतात ते. हे झाड दुसऱ्या झाडाच्या अंगावर वाढते पण त्याचे काही खात नाही. त्याला माती लागत नाही. हवा, उजेड आणि वेळेवर पाणी एवढेच लागते.

आज ज्या झाडाबाबत विचारपूस आहे ते सीतेची वेणी या जातीचे आमर आहे. सन २००९ मध्ये फयान वादळात आमच्या गावच्या घरामागील आंब्याची फांदी मोडून पडली, तिच्यावर हे झाड होते. तेव्हा त्याला चारच पाने होती. माझे पती ते वर्तमानपत्रात गुंडाळून मुंबईला घेऊन आले. पुढे साडेचार वर्षे ते नुसते जिवंत राहिले. दिनांक १९/०५/२०१४ रोजी पहिला तुरा उमलला. या जातीची फुले पांढरी, त्यावर जांभळे ठिपके अशी असतात. आमच्या झाडाची फुले पूर्ण पांढरी निघाली. माझे पती मला खिडकीतून हाक मारून म्हणाले, "गो, बघ, हेका रंगच नाय." अशी पांढरी वेणी क्वचित मिळते हे आम्हाला नंतर समजले. तेव्हा आम्हाला झाड आजारी आहे असे वाटले होते.

झाड माझे असल्याबाबत पुरावा विचारला असता सांगते की, दर वर्षी मे महिन्यात फुलाचा फोटो काढण्याची आमच्या घरी पद्धत आहे. सन २०१४ ते २०२३ पर्यंतचे नऊ फोटो मी हजर केले आहेत. वर्षे दहा व फोटो नऊ का, असे विचारले असता सांगते की, २०२१ सालचा फोटो नाही. त्या वर्षी मे महिन्यात आमच्या घरी कोणी फोटो काढले नाहीत. झाड त्या वर्षीही फुलले होते.

आमच्या सोसायटीच्या बी विंगमध्ये श्री. विद्याधर गोरक्षकर, वय अंदाजे ६६, निवृत्त अधिकारी, हे राहतात. त्यांनाही आमरांचा शौक आहे. त्यांची बाल्कनी मोठी आहे व झाडे पुष्कळ आहेत, परंतु ती फुलत नाहीत. ते माझ्याकडे सल्ला विचारण्यास येत असत. मी त्यांना दोन वेळा जांभळ्या आमराचे फुटवे दिले. दोन्ही वेळा ते कुजले. पाणी जास्त होते, हे मी त्यांना तेव्हाच सांगितले होते. पांढऱ्या वेणीसाठी त्यांनी मला तीनदा विचारले. शेवटच्या वेळी ते म्हणाले, "वहिनी, एवढं दुर्मिळ झाड खिडकीत टांगून ठेवायचं म्हणजे पाप आहे. माझ्याकडे द्या, त्याला ओळख मिळेल." मी म्हणाले, "भावोजी, या झाडाला फुटवा आलेला नाही. आला की पहिला तुमचा." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आमच्या इमारतीच्या बाहेरील दुरुस्तीचे काम सुरू झाले. परांची बांधायची असल्याने सर्वांना ग्रील रिकामे करण्यास सांगण्यात आले. घरात उजेड नसल्याने मी माझी झाडे सेक्रेटरी नलिनी परब यांच्या परवानगीने गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीला ठेवली. गच्चीला कुलूप असते व चावी नलिनीताईंकडे असते. मी रोज सकाळी चावी घेऊन पाणी फवारण्यास जात असे; रोजचेच असल्याने चावीच्या वहीत माझी सही घेत नसत. दिनांक ०२/१२/२०२३ रोजी सकाळी नऊच्या सुमारास मी गेले असता अठरा झाडे जागेवर होती. पांढरी वेणी नव्हती. ज्या तारेच्या हुकला ती टांगली होती तो हुक सरळ करून ठेवलेला होता.

मी आरडाओरड केली नाही. आधी गच्ची पूर्ण पाहिली, मग टाकीच्या मागे, मग चारही जिने आणि मग इमारतीच्या मागील बाजूचे गवत पाहिले. श्री. गोरक्षकर खाली भेटले. त्यांनी माझ्यासोबत अर्धा तास गवतात शोधले. ते म्हणाले, "माकडांनी नेलं असणार, वहिनी. जंगल इथून हाकेवर आहे." आमच्याकडे माकडे येतात ही गोष्ट खरी आहे. म्हणून मी ते मानले. परंतु माकड हुक सरळ करील काय, हा विचार माझ्या मनात राहिला. दिनांक ०४/१२/२०२३ रोजी मी या पोलीस ठाण्यात येऊन झाड हरवल्याची नोंद केली. तेव्हा माझा कोणावरही संशय नव्हता. त्या नोंदीची प्रत हजर केली आहे.

पुढील पाच महिन्यांत मी काय केले असे विचारले असता सांगते की, परांची उतरल्यावर अठरा झाडे परत खिडकीत लावली. वेणीची जागा मोकळी ठेवली. श्रुतिका म्हणाली, "आई, तिथे दुसरं काहीतरी लाव ना. मला बघवत नाही." मी लावले नाही.

दिनांक २५/०५/२०२४ रोजी, म्हणजे काल शनिवारी, सकाळी साडेनऊ वाजता श्रुतिकाने मला तिच्या मोबाईलवर एक फोटो दाखविला. मुलुंड येथे पूर्व उपनगर पर्णवैभव मंडळ या हौशी लोकांच्या मंडळाचे दोन दिवसांचे प्रदर्शन भरले होते. त्यांच्या पानावर, देशी आमर या वर्गात पहिला क्रमांक मिळालेल्या झाडाचा तो फोटो होता. झाड चकचकीत निळ्या कुंडीत होते. दोन तुरे बांबूच्या काड्यांना बांधून उभे केले होते. फुले पूर्ण पांढरी होती. खाली नाव लिहिले होते : विद्याधर गोरक्षकर.

श्रुतिका म्हणाली, "पांढरी वेणी दुसऱ्या कोणाकडेही असू शकते, आई. उगीच कोणावर आळ नको." मी तिला फोटो मोठा करायला सांगितला. डाव्या बाजूच्या खालून तिसऱ्या पानाला टोकापाशी अर्धगोल खाच होती. ती २०२२ च्या पावसात गोगलगायीने खाल्लेली आहे. त्याच्या वरच्या पानावर शिरेला लागून तीन बारीक तपकिरी ठिपके होते, दोन जवळ आणि एक लांब. मी श्रुतिकाला आमचा २०२३ सालचा फोटो काढून दोन्ही शेजारी शेजारी धरायला सांगितले. तिने ते पाहिले व म्हणाली, "चल, चप्पल घाल."

आम्ही निघण्यापूर्वी मी या पोलीस ठाण्यात फोन करून जुन्या नोंदीचा क्रमांक सांगितला. पोलीस उपनिरीक्षक क्षमा ढोबळे मॅडम यांनी, मी वाद घालू नये व झाड तेथून हलू देऊ नये, असे सांगून हवालदार भीमराज यांना मुलुंडला पाठवीत असल्याचे कळविले. आम्ही रिक्षाने गेलो व पावणेबाराच्या सुमारास पोहोचलो.

हॉलमध्ये साधारण शंभर माणसे होती. झाड मधल्या टेबलावर होते. मी जवळ जाऊन पाहिले. फोटोत दिसत नव्हत्या अशा आणखी दोन खुणा मिळाल्या. श्री. गोरक्षकर टेबलामागे उभे राहून लोकांना माहिती देत होते. मला पाहून ते बोलायचे थांबले. मी मोठा आवाज केला नाही. मी मुख्य परीक्षक कोण असे विचारले. त्या डॉ. पद्मजा भडकमकर होत्या, वय सत्तरच्या पुढे, वनस्पतीशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. मी त्यांना म्हणाले, "बाई, हे झाड माझं आहे. डिसेंबरमध्ये आमच्या गच्चीवरून गेलं."

श्री. गोरक्षकर म्हणाले, "काहीतरी गैरसमज होतोय. मी हे दोन वर्षांपूर्वी एका नर्सरीतून आणलं. वहिनींचं झाड हरवलं तेव्हापासून त्यांना सगळीकडे तेच दिसतं. त्यांच्या घरी अडचणी झाल्यात, समजून घ्या." आजूबाजूच्या काही लोकांनी माझ्याकडे दयेने पाहिले. श्रुतिकाने फोटो दाखविले. डॉ. भडकमकर यांनी चष्मा काढून फोटो पाहिले आणि म्हणाल्या, "पानं सारखी दिसतात हे खरं. पण फोटोवरून मी कोणाला चोर म्हणणार नाही. दुसरं काही आहे?"

मी म्हणाले, "आहे. कुंडीच्या आत."

त्यांनी विचारले, "काय आहे?"

मी सांगितले की, हे झाड कुंडीत वाढलेले नाही. माझे सासरे कापड गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे होते. गिरणी बंद झाली तेव्हा त्यांनी घरी आणलेली सूत गुंडाळायची एक लाकडी बॉबिन आमच्याकडे होती. झाड गावाहून आणले तेव्हा माझ्या पतींनी ते त्या बॉबिनला बांधले. मुळांनी बॉबिनला असे धरले आहे की मुळे तोडल्याशिवाय ती सुटणार नाही. ज्याने झाड नेले त्याने ते बॉबिनसकट कुंडीत घातले असणार, कारण नाहीतर झाड मेले असते. डॉ. भडकमकर यांनी मला थांबविले. त्यांनी कागद मागविला व म्हणाल्या, "आता खुणा सांगा. मी लिहिते. मग उघडू." मी सांगितले त्याप्रमाणे त्यांनी लिहिले : लाकडी बॉबिन, वीतभर लांब, खालच्या टोकाला पितळी कडे, कड्याच्या वर दोन हिरवे पट्टे, पट्ट्यांपैकी एक अर्धा पुसलेला, आणि तांब्याच्या तारेचे तीन वेढे. खाली माझी व त्यांची सही झाली. वेळ १२.२० अशी लिहिली.

श्री. गोरक्षकर म्हणाले, "कुंडी उघडायची नाही. भर फुलात मुळं हलवली तर झाड जाईल. माझी परवानगी नाही." डॉ. भडकमकर मला म्हणाल्या, "ते म्हणतात त्यात तथ्य आहे. तुमचं चुकलं तर पहिल्या नंबरचं झाड तुमच्या हातून गेलेलं असेल, आणि यांची माफी तुम्हाला इथेच मागावी लागेल." मी म्हणाले, "मागेन. पण उघडणार मी. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही." त्याच वेळी हवालदार भीमराज तेथे पोहोचले. त्यांनी नोंद पाहून, दोन पंच घेऊन, कुंडी सर्वांसमोर उघडण्यास सांगितले.

मी एक टब पाणी मागितले. कुंडी दहा मिनिटे पाण्यात बुडवून ठेवली, म्हणजे मुळे हिरवी होतात आणि नरम पडतात. मग वरचे कोळसे व विटांचे तुकडे बोटांनी एकेक काढले. घाई केली नाही. अर्ध्यापर्यंत आल्यावर एक जाड मूळ कुंडीला आतून चिकटलेले दिसले. एकजण म्हणाला, "ओढा, निघेल." मी म्हणाले, "कुंडी फोडा. मूळ नाही ओढायचं." हवालदार भीमराज यांनी हातोडी मागवून, मी दाखविले तेथे तीन हलके ठोके दिले. कुंडीचे दोन भाग झाले. झाड माझ्या हातात आले. या कामास चाळीस मिनिटे लागली. एकही मूळ तुटले नाही आणि एकही फूल गळले नाही.

बॉबिन होती. पितळी कडे हिरवट पडले होते. दोन्ही पट्टे होते, एक अर्धा पुसलेला. तारेचे वेढे मात्र तीन नव्हते, चार निघाले. हे मी मुद्दाम नमूद करायला सांगत आहे. चौथा वेढा माझ्या पतींनी केव्हा दिला ते मला माहीत नव्हते. डॉ. भडकमकर यांनी लिहिलेला कागद मोठ्याने वाचला आणि बॉबिन सर्वांना दाखविली. मग मागे कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनी.

श्री. गोरक्षकर खुर्चीवर बसले. मी श्रुतिकाला त्यांना पाणी द्यायला सांगितले. पाणी पिऊन ते मला हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मी ते जिवापाड सांभाळलं. तुमच्याकडे ते तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत टांगलेलं होतं. कोण बघणार होतं?" मी त्यांना "मी बघत होते" एवढेच सांगितले. त्यांनी झाड सांभाळले ही गोष्ट खरी आहे. त्यांच्या हातून जगलेले हे पहिलेच आमर असावे. हे मी माझ्या माहितीप्रमाणे सांगत आहे.

यानंतर मंडळाच्या परीक्षकांनी श्री. गोरक्षकर यांचा क्रमांक रद्द केला. त्यामुळे दुसरा क्रमांक मिळालेल्या घाटकोपर येथील रेवती शिरोडकर या बाईंचे झाड आपोआप पहिले ठरत होते. डॉ. भडकमकर यांनी त्यांना तसे सांगितले. रेवतीबाई म्हणाल्या, "मला नको. मी सकाळपासून या झाडासमोर उभी आहे, माझं दुसरंच आहे हे मला ठाऊक आहे. यांचा फॉर्म भरून घ्या." कोणीतरी मुदत संपल्याचे सांगितले. त्यावर डॉ. भडकमकर म्हणाल्या, "झाड तर मुदतीतच आलंय. फक्त चुकीच्या माणसाबरोबर आलं." फॉर्म श्रुतिकाने भरला, कारण माझे हात कोळशाने काळे झाले होते.

झाड मांडायचे कसे असे मला विचारण्यात आले. मी बांबूच्या काड्या सोडल्या. सीतेची वेणी उभी राहत नाही, ती लोंबते, म्हणूनच तिला वेणी म्हणतात. काड्यांच्या दोऱ्या कापल्यावर दोन्ही तुरे खाली सुटले. बॉबिन एका स्टँडला तारेने टांगली. परीक्षकांनी पुन्हा गुण दिले. पहिल्या वेळेपेक्षा ते जास्त पडले. देशी आमर वर्गात पहिला क्रमांक आणि संपूर्ण प्रदर्शनातील सर्वोत्तम झाड, अशी दोन प्रशस्तिपत्रे माझ्या नावावर लिहून देण्यात आली. एकावर माझे नाव "सुलक्षणा चंद्रप्रकाश पालव" असे पूर्ण लिहावे अशी मी विनंती केली. ते तसे लिहिले आहे. प्रती हजर केल्या आहेत.

हवालदार भीमराज यांनी पंचनामा केला. त्यात त्यांनी प्रथम "एक झाड, फुलांसह" असे लिहिले होते. मी फुले मोजून लिहावीत असे सांगितले. त्यांनी व दोन्ही पंचांनी मोजली. पहिल्या तुऱ्यावर ७१ व दुसऱ्यावर ६४, एकूण १३५. हवालदारांनी खात्रीसाठी दुसऱ्यांदा मोजली, तेव्हाही तेवढीच भरली. ते म्हणाले, "मॅडम, नोकरीत पहिल्यांदाच फुलं मोजतोय." नंतर झाड गाडीत पुढच्या सीटवर माझ्या हातात देऊन दिंडोशीला आणण्यात आले.

आज सकाळी नलिनी परब यांनी गच्चीच्या चावीची नोंदवही हजर केली आहे. दिनांक ०२/१२/२०२३ रोजी सकाळी ७.१० वाजता श्री. विद्याधर गोरक्षकर यांनी डिश अँटेना पाहण्यासाठी चावी नेल्याची त्यात त्यांची सही आहे. नलिनीताईंनी मला सांगितले की, चावी त्यांच्या घरच्यांनी दिली होती व त्यांनी ती नोंद तेव्हा पाहिली नव्हती, आणि त्याचे त्यांना वाईट वाटते.

आज सकाळपासून सोसायटीतील तिघांचे मला फोन आले. वयस्कर माणूस आहे, शेवटी एक झाडच तर होते, ते मिळाले, आता मिटवून टाका, असे त्यांचे म्हणणे आहे. मी मिटविणार नाही. माझा कोणावर राग नाही. परंतु मी पाच महिने माकडांनी नेले असे मानत होते आणि ज्यांना सगळे माहीत होते ते त्या दिवशी माझ्यासोबत गवतात शोधत होते. म्हणून श्री. विद्याधर गोरक्षकर यांच्याविरुद्ध माझी कायदेशीर तक्रार आहे.

झाड मुद्देमाल म्हणून जप्त मालाच्या खोलीत ठेवावे लागेल असे काल मला सांगण्यात आले होते. मी ढोबळे मॅडम यांना ती खोली दाखविण्याची विनंती केली. तेथे खिडकी नाही. मॅडमनी वरिष्ठांशी बोलून झाड रात्रभर त्यांच्या टेबलाशेजारच्या खिडकीत टांगू दिले आणि सकाळी सहा वाजता स्वतः पाणी फवारले. मी सांगितले होते तेवढेच फवारले, जास्त नाही. त्यानंतर ठाण्यातील जवळजवळ सगळेजण, तक्रार द्यायला आलेली माणसेसुद्धा, येऊन पाहून गेली. आज मुद्देमाल जिवंत असल्याचे कारण लिहून झाड देखभालीसाठी माझ्या ताब्यात देण्यात येत आहे. न्यायालय सांगेल त्या तारखेस मी ते हजर करीन. तारीख मे महिन्यात पडल्यास फुलांसह हजर करीन, आणि न्यायाधीश साहेबांना ते जवळून पाहायचे असेल तर माझी हरकत नाही.

वरील मजकूर ढोबळे मॅडम यांनी संगणकावर उतरवून घेतला आणि मला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखविला. वाचन चालू असताना झाड माझ्या मांडीवर होते. मी बोलले तेच यात आहे, कमी नाही, जास्त नाही. सर्व बरोबर आहे.

सही : सुलक्षणा चं. पालव
समक्ष : क्षमा ढोबळे, पोलीस उपनिरीक्षक